उतार आणि हद्द

बंगालीतून मराठीत भाषांतर करताना मला कवितेपेक्षा सरकारी अहवाल जास्त अडवतात. कवितेतला शब्द अडला तर त्याच्याभोवती निदान शंभर वर्षांचं वाचन असतं, त्याचा आधार घेता येतो. अहवालातले शब्द दोन्ही भाषांनी इंग्रजीवरून घाईने बेतलेले असतात, आणि बेतताना प्रत्येक भाषेने आपल्या मनातलं काहीतरी त्यात शिवून टाकलेलं असतं. ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’चा मराठीने ‘शाश्वत विकास’ केला. ढाक्यात त्याचं ‘टेकसई उन्नयन’ झालं. कोलकात्याच्या वृत्तपत्रांना ‘सुस्थायी’ बरा वाटतो. शाश्वत हा आपण आत्म्याला, सत्याला लावायचा शब्द. टेकसई हा बंगाली माणूस चपलेला, छत्रीला, रोज नेसायच्या साडीला लावतो.

फरक साधा नाही. शाश्वताला डागडुजी लागत नाही. टेकसई वस्तू मात्र डागडुजीवरच टिकते. टाच झिजते, छत्रीची काडी मोडते, कुणीतरी बसून ती नीट करतो. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं अशी व्याख्या दिली, २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ ध्येयं ठरवली, त्यातलं अकरावं शहरांसाठी राखलं. पण शहर टिकवणं म्हणजे प्रत्यक्षात गटार उपसणं, पंप चालू ठेवणं, कचरा उचलणं, नळाला पाणी सोडणं. ही डागडुजीची कामं आहेत, आणि ती करणाऱ्या संस्थांना आपण मराठीत फार मोठं नाव दिलं आहे: स्थानिक स्वराज्य संस्था.

बंगालीत याला ‘स्वायत्तशासन’ म्हणतात, हिंदीत नुसतं ‘निकाय’. मराठीने आणि गुजरातीने मात्र १८८२ च्या रिपनच्या ठरावातल्या रुक्ष इंग्रजी संज्ञेसाठी ‘स्वराज्य’ हा शब्द मोजला. तुलनात्मक साहित्य शिकलेल्या माणसाला अशा शब्दाचा प्रवास बघायची खोड असते. देवघरजवळच्या करों गावी मराठी घरात जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहीत. त्यांचं ‘देशेर कथा’ १९०४ साली आलं, आणि बंगालच्या राजकारणात ‘स्वराज’ हा शब्द आणण्याचं श्रेय श्री अरविंदांनी त्यांनाच दिलं. पुढे चित्तरंजन दासांनी पक्ष काढला तो स्वराज्य पक्ष, आणि १९२४ साली त्याच पक्षाने कलकत्ता महापालिका जिंकली. दास महापौर झाले आणि सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. देश अजून पारतंत्र्यात होता, पण गटारं आणि दिवे भारतीयांच्या हातात आले होते. स्वराज्याची पहिली तालीम इथे गटारापाशी झाली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

मला प्रश्न पडतो तो या शब्दातल्या ‘स्व’चा. स्थानिक स्वराज्यातला ‘स्व’ म्हणजे नेमकं कोण? मतदार यादीत नावं असलेले लोक, की त्या संस्थेच्या कारभाराचे परिणाम ज्यांच्या अंगावर येतात ते सगळे? या दोन याद्या सारख्या असत्या तर प्रश्नच नव्हता. कोलकात्यात त्या किती वेगळ्या आहेत हे बघायला पूर्वेकडे जावं लागतं.

हे शहर हुगळी नदीच्या काठावर आहे, पण त्याचा उतार नदीकडे नाही. जमीन पूर्वेला, खाऱ्या पाण्याच्या तळ्यांकडे उतरत जाते. १८५० च्या दशकात विल्यम क्लार्क या अभियंत्याने सांडपाण्याची योजना आखली ती हा उतार ओळखूनच. मैला हुगळीत न सोडता पूर्वेला न्यायचा आणि विद्याधरी नदीतून समुद्राकडे घालवायचा. विद्याधरी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत असल्याचं सरकारने जाहीर केलं. पुढे बी. एन. दे यांच्या योजनेनुसार कालवे आणखी पूर्वेला कुलटी नदीपर्यंत गेले. दरम्यान त्या दलदलीत राहणाऱ्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी एक गोष्ट साधली होती, जी कुठल्याही योजनेत नव्हती. शहराचं सांडपाणी मोजून मापून उथळ तळ्यांत घेतलं, उन्हात काही दिवस ठेवलं, तर त्यात शेवाळ धरतं, शेवाळावर मासे वाढतात आणि पाणी निवळतं. काठाने जलपर्णी राखली तर बांध लाटांपासून वाचतो आणि पाण्यातले जड धातूही ती काही प्रमाणात शोषून घेते. किती पाणी घ्यायचं, कधी थांबायचं, हे पाण्याचा रंग आणि वास पाहून ठरतं.

या तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. मराठीत ‘भेडी’ लिहिलं तर वाचकाला भाजी आठवेल आणि ‘भेरी’ लिहिलं तर नगारा, म्हणून मी नुसतं तळं म्हणते. अशी तळी, त्यांच्यालगतची भातशेती आणि धाप्याच्या कचऱ्यावरची भाजीची शेती मिळून सुमारे १२,५०० हेक्टरचा प्रदेश होतो. ऑगस्ट २००२ मध्ये ‘पूर्व कोलकाता पाणथळ’ म्हणून त्याची रामसर यादीत नोंद झाली. त्या नोंदीत म्हटलं आहे की इथून शहराला रोज सुमारे १५० टन भाजी आणि वर्षाला साधारण १०,५०० टन मासळी मिळते, आणि या मासळीवर सुमारे ५०,००० लोकांचं पोट थेट चालतं. माझ्या गल्लीच्या बाजारात पहाटे अॅल्युमिनियमच्या हंड्यांतून जिवंत रोहू-कटला येतात, त्यातले कितीतरी तिथले. म्हणजे शहर तिथे मैला पाठवतं आणि तिथून जेवण मागवतं.

हे सगळं ज्यांनी कागदावर आणलं ते ध्रुवज्योती घोष राज्य सरकारचेच अभियंते होते. १९८० च्या दशकात मैल्याचं पुढे काय होतं याचा माग काढत ते या तळ्यांपर्यंत पोहोचले, आणि २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हा प्रदेश सोडला नाही. कोलकात्याला ते निसर्गाच्या अनुदानावर चालणारं शहर म्हणत. इतर महानगरं मैलाशुद्धीकरणाच्या यंत्रांवर जो खर्च करतात, तो इथे ऊन, शेवाळ आणि मासे करतात. मला या वाक्यात एक भर घालाविशी वाटते. ऊन फुकट आहे, पण बांध फुकट नाही. कमरभर पाण्यात उभं राहून जलपर्णी सारणारा माणूस फुकट नाही. अनुदान निसर्गाचं आहे तेवढंच त्या माणसाच्या मजुरीचंही आहे, आणि त्याची पावती शहराने कधी फाडलेली नाही.

आता हद्दीचा नकाशा बघा. पाणथळीचा थोडा भाग कोलकाता महापालिकेत येतो, थोडा विधाननगरच्या महापालिकेत, आणि मोठा भाग दोन्ही चोवीस परगणा जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींत. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना घटनेत जागा दिली, त्यांच्याकडे कोणती कामं सोपवता येतील याच्या याद्या दिल्या. मत्स्यव्यवसाय अकराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे पंचायतींकडे. सांडपाणी, घनकचरा आणि पर्यावरणाचं रक्षण बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे. ज्या पाण्यात मासा पोहतो ते आणि ज्याला शहर सांडपाणी म्हणतं ते इथे एकच पाणी आहे. घटनेच्या दोन पानांवर त्याचे दोन मालक झाले.

याचा अर्थ बानतला इथल्या पाण्याच्या दारांपाशी कळतो. पावसाळ्यात शहरात गुडघाभर पाणी तुंबलं की दारं उघडून कालवे लवकर रिकामे व्हावेत असं शहराला वाटतं. तळ्यांत पाणी उताराने शिरायचं तर कालव्याची पातळी वर राहावी लागते. ती उतरली की मच्छीमारांची तळी उपाशी राहतात. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण तुंबलेल्या पाण्याचा आवाज नगरसेवकापर्यंत पोहोचतो, मग वर्तमानपत्रापर्यंत. उथळ झालेल्या तळ्याचा आवाज ज्या पंचायतीपर्यंत पोहोचतो तिच्या हातात दार नसतं.

डिसेंबर २०२१ मध्ये कोलकाता महापालिकेच्या १४४ वॉर्डांची निवडणूक झाली. प्रचाराच्या दिवसांत आमच्या इमारतीत एक उमेदवार आले होते, सभ्य आणि ऐकून घेणारे. लोकांनी गटाराच्या, डासांच्या, तुंबणाऱ्या चौकाच्या तक्रारी सांगितल्या. मी विचारलं, ‘दादा, गटार साफ झाल्यावर हे पाणी जातं कुठे?’ ते म्हणाले, ‘बाइरे चोले जाय, दिदी.’ बाहेर निघून जातं, ताई. त्यांचं काही चुकलं नव्हतं. हद्दीच्या हिशेबात ते उत्तर बिनचूक होतं. मला त्यातला ‘बाहेर’ हा शब्द तेव्हापासून सोडत नाही. नीतीच्या दृष्टीने बाहेर असं काही असतं का?

याला उलट बाजूने तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही विचारात घेण्यासारखी आहेत. पहिलं असं की नगरसेवक हा मतदारांचा विश्वस्त आहे. त्यांच्या घरपट्टीचा पैसा दुसऱ्यांच्या तळ्यांवर खर्च करणं हा विश्वासघात होईल. दुसरं, बाहेरच्यांची स्वतःची पंचायत आहे, त्यांनी आपलं बघावं. तिसरं, दोन संस्थांमधलं भांडण सोडवायला वर राज्य सरकार आहेच.

पहिल्या उत्तरात विश्वस्ताची कल्पना अपुरी आहे. माझ्या मालमत्तेचा विश्वस्त माझे पैसे दानधर्मात उडवू शकत नाही, हे खरं. पण माझी देणी बुडवून माझी श्रीमंती वाढवण्याचा अधिकारही त्याला नसतो. शहर पाणथळीचं काही देणं लागतं की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि रोज मैला पाठवून रोज मासे घेणाऱ्याने देणं नाकारायचं तर फार कोडगेपणा लागेल. दुसऱ्या उत्तरातली पंचायत खरी आहे, पण शहराच्या सांडपाण्यात कारखान्याचं काय मिसळलं आहे हे ठरवायचा अधिकार तिला नाही. ज्याच्यावर आपला ताबा नाही त्याची जबाबदारी आपल्याकडे देणं याला स्वराज्य म्हणत नाहीत.

तिसऱ्या उत्तराला इतिहासानेच उत्तर दिलेलं आहे. पाणथळीच्या उत्तर भागावर हुगळीतला गाळ पाइपातून आणून १९६० च्या दशकात सॉल्ट लेक उभं राहिलं. योजना मुख्यमंत्री विधानचंद्र रायांची, जे १९३० च्या दशकात याच शहराचे महापौर होते. पुढे व्यापार केंद्रासाठी आणखी जमीन भरायचा सरकारचा बेत होता. ‘पब्लिक’ या नागरिकांच्या संस्थेने दाद मागितली आणि १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांच्या निकालाने तो अडवला. २००६ मध्ये राज्याने कायदा केला, प्राधिकरण नेमलं. हे सगळं झालं म्हणून तळी आज आहेत, यात शंका नाही. पण वरून येणारं संरक्षण बहुतेक वेळा मनाईच्या रूपात येतं. भराव टाकू नका, बांधकाम करू नका. गाळ उपसणं, बांध नीट करणं, दार कधी उघडायचं ते ठरवणं, ही कामं मनाईने होत नाहीत. कातड्याच्या कारखान्यांचंच बघा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ट्यांग्रा, तोपसिया, तिलजल्यातून हलवायला सांगितले. शहराचे ते भाग सुटले आणि नवी चर्मनगरी उभी राहिली ती बानतल्यालाच. उतार पुन्हा पूर्वेकडेच गेला.

मनाईची एक अधिक अवघड बाजू आहे. कायद्याने जमिनीचा वापर बदलता येत नाही, म्हणजे खेयादहच्या शेतकऱ्याला आपली जमीन बायपासच्या भावाने विकता येत नाही. त्याच्या मुलाने तळ्यात उतरायचं नाही असं ठरवलं तर त्याला कोण दोष देईल? पाणथळ टिकली पाहिजे असं आम्ही शहरातले लोक म्हणतो तेव्हा त्यात न बोललेलं एक वाक्य असतं की तुम्ही मात्र आहात तिथेच राहा. टिकाऊपणाचा खर्च एका बाजूने आणि फायदा दुसऱ्या बाजूने, अशी ही वाटणी आहे. बेकायदा बांधकामांवर बुलडोझर पाठवणं कायद्याने योग्य असेल. पण तळ्यावर राहणं परवडेल अशी तजवीज शहराने केली नाही, तर ती नुसती दुसऱ्याच्या गरिबीची राखण होते.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. पुण्याचा कचरा डेपो कोथरूडहून उठला आणि उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी बसला. ती गावं हद्दीबाहेर होती, वर्षानुवर्षं त्यांनी गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये त्यांना महापालिकेत घेतलं, २०२४ मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली. हद्द आत आली, बाहेर गेली. कचऱ्याचा डोंगर जागेवर राहिला. आणि मुळा-मुठेत सोडलेलं पुण्याचं पाणी भीमेतून उजनीत जातं, सोलापूरकर ते पितात, पुढे पंढरपूरला तीच नदी चंद्रभागा होते. वारीला निघताना पुणेकर ज्या नदीत स्नान करण्याची आस धरतो, तिच्यात त्याचं स्वतःचं गटार त्याच्या आधी पोहोचलेलं असतं. सोलापूरला पुण्याच्या महापालिकेत मत नाही.

मग उपाय काय, सगळ्यांना एकाच मोठ्या महापालिकेत घ्यायचं? मला तसं वाटत नाही. हद्द वाढवली की गावं शहरात येतात आणि त्यांचा आवाज दीडशे वॉर्डांत हरवतो. मला गोव्याच्या खाजणांचं उदाहरण जास्त उपयोगी वाटतं. खारं पाणी अडवणारा बांध आणि त्यातलं ‘मानस’ हे दार गावकरी ही गावसंस्था सांभाळत असे. भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं. दारापाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव व्हायचा आणि तो पैसा बांधाला लागायचा. गावकरी काही समतेचा नमुना नव्हती, तिच्यात हक्क होता तो ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांचा. पण एक गोष्ट तिथे नीट जमली होती. बांध फुटला तर ज्यांचं शेत बुडणार, त्यांच्या संस्थेचा हात दारावर होता. बानतल्याच्या दाराचा आणि त्या मानसाचा फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

अशी तरतूद आपल्या घटनेत नाही असंही नाही. महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले प्रतिनिधी आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडले जावेत, आणि पाण्याच्या वाटणीसारखे दोघांच्या समाईक हिताचे विषय तिने पाहावेत, असं ७४ व्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटलं आहे. पश्चिम बंगालने त्यासाठी १९९४ मध्ये कायदाही केला. पण तिचं नाव प्रचाराच्या सभेत कुणी घेत नाही, आणि त्यात नुसता पुढाऱ्यांचा दोष नाही. आम्ही मतदार त्यांना फक्त आपल्या दारापुरते प्रश्न विचारतो. आमचं गटार वाहतं की नाही, यावर आम्ही पास-नापास ठरवतो. ते वाहून कुठे जातं, हा प्रश्न वॉर्डाच्या सभेत यायला लागला, महापालिकेच्या अंदाजपत्रकात पाणथळीसाठीची रक्कम मदत म्हणून नव्हे तर देणं म्हणून दिसायला लागली, तर ‘स्व’ थोडा रुंद होईल. त्यासाठी हद्द हलवावी लागणार नाही.

पुढच्या पिढ्यांना मत नाही, असं शाश्वत विकासाच्या प्रत्येक भाषणात सांगतात. ते खरं आहे, पण त्या अजून जन्मायच्या आहेत; त्यांच्याविषयी हळवं होणं सोपं आहे. मत नसलेली माणसं आजही आहेत, इथून बसने तासाभरावर. आपल्या उताराच्या टोकाला राहणाऱ्या जिवंत माणसाचा हिशेब जे स्वराज्य ठेवू शकत नाही, ते न जन्मलेल्यांचा ठेवील यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून पुढच्या वेळी उमेदवार जिना चढून आले की मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. ‘बाहेर’ हे उत्तर मिळालं, तर बाहेर म्हणजे कुणाच्या दारात, हेही विचारणार आहे.